चोवीस माग चालू असताना

मालन वरुटेला खोटं बोलून मिळणार काय होतं, याचा हिशेब मी कोर्टातल्या मागच्या बाकावर बसून, तिची साक्ष चालू असतानाच मांडायला घेतला.

नवरा तिला नव्हता, म्हणजे नवऱ्याला कुठं कामाला चिकटवून देतो असं आमिष कुणी दाखवलं नसणार. मुलगी विट्याला दिलेली, सुखात होती. आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात ती माझ्यासारखीच धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. कांड्या भरणाऱ्या बाईला मालक बढती देणार म्हणजे कसली? आणखी कांड्या भरायची? बरं, ज्याचा हात गेला त्या चंद्रू जॉबरवर तिचा जीव होता म्हणावं, तर ती त्याला तोंडावर 'तेलकट मुडदा' म्हणायची. आणि माझा भाऊ तानासो तर तिच्या हातची आंबील पिऊन वाढलेला. तिच्याशी त्याचं वैर कसलं?

मिळकतीच्या बाजूला काहीच लागेना. आणि तरी बाई डोक्यावरून पदर घेऊन पिंजऱ्यात उभी होती आणि माझ्या भावाला आत घालायला निघाली होती.

ही गोष्ट इचलकरंजीतली, शहाण्णव सालची. चंद्रू भोजे आमच्या शेडमध्ये जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. त्यानंच मालकाच्या कानाला लागून तानासोला चार मागांवरून दोनांवर, म्हणजे निम्म्या मजुरीवर, आणलं होतं, कापड सदोष काढतो म्हणून. पंधरा दिवसांनी तानासोच्याच मागाच्या दातेरी चाकांत चंद्रूचा हात होता, मान खाली होती, आणि माग सुरू झाला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. हँडल तानासोनं ओढलं, हे तोही नाकबूल करत नव्हता. मुद्दाम ओढलं की चुकून, एवढाच प्रश्न होता, आणि मान खाली असल्यानं चंद्रूला ते सांगता येत नव्हतं. चुकून असेल तर घरी, मुद्दाम असेल तर दहा वर्षांपर्यंत.

मी त्या दिवशी कामावर नव्हते. दाढ काढायला गेले होते. आयुष्यात एकदाच रजा घेतली ती अशी महागात पडली.

"आईशप्पथ, अक्का," तानासो म्हणाला होता, जामिनावर सुटून आला तेव्हा. "तुटलेला धागा बांधत हुतो. पाठ हुती माझी त्येच्याकडं. धागा बांधला की हात आपोआप हँडलवर जातुया, तुला ठाव हाय न्हवं? तोंडातनं अक्षर काढलं न्हाई मी."

आई आमची त्याला दोन वर्षांचा सोडून गेलेली. तो शपथ घ्यायचा ती एवढीच. मी विश्वास ठेवला.

आणि आता मालन सरकारी वकिलांना सांगत होती:

"चंद्रूनं मोकळा हात वर केला, थांब म्हणून. तानासोनं वळून बघितलं. आन म्हणला, 'ऱ्हाऊ दे की मग हात तितंच.' आन हँडल वडलं."

"हे शब्द तुम्ही स्वतः ऐकले?"

मालननं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पदर सारखा केला.

"व्हय. माझ्या कानानं ऐकलं."

त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, माझं डोकं चालू झालं. चौदा वर्षं मी आणि ही बाई शेजारी शेजारी बसलो. माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस हिनं माझ्या घरी चूल पेटवली. हिच्या पोरीचं बाळंतपण मी केलं. सासू, मालक, पोटदुखी, सगळं एकमेकींना सांगितलं, आणि सांगितलं ते आवाज न करता. कारण चोवीस माग चालू असताना शेडमध्ये आवाज काढून उपयोग नसतो. तोंड मोठं करून हलवायचं, समोरच्यानं ओठ बघायचे. आमच्याकडं शेंबडं पोरही हे करतं. नवीन सून आली की महिन्याभरात ती शेडच्या ह्या टोकाहून त्या टोकाला सासूला शिव्या देते आणि सासूला ऐकू जात नाही, फक्त दिसतं.

पण कोर्टातल्या जजसाहेबांना हे कुठून ठाऊक असणार? ते रत्नागिरीकडचे होते.

जेवणाच्या सुट्टीत आमचे कुरुंदवाडकर वकील चिंचेखाली डबा उघडून बसले. वांग्याची भाजी होती. तोंडात घास असताना ते कायदा जास्त चांगला सांगत.

"साक्षीदार खोटं बोलला की रडायचं नसतं, गोदाबाई. रस्ते असतात. पहिला, उलटतपासणीत तिच्याच तोंडून तिला पाडायचं. दुसरा, ती म्हणते ते होऊच शकत नाही हे पुराव्यानं दाखवायचं. माणूस आणा, कागद आणा, नाहीतर कोर्टालाच जागेवर न्या. तिसरा, मागाहून काही नवीन हाती लागलं तर तिला परत पिंजऱ्यात बोलवायला अर्ज करायचा, कलम तीनशे अकरा."

"आन चौथा?"

"चौथा आहे हे कुणी सांगितलं?"

"तुम्ही चौथं बोट धरून बसलाय की."

ते हसले. "तीनशे चाळीस. खोटी साक्ष दिली म्हणून कोर्टानं तिच्यावरच खटला भरावा, असा अर्ज. सात वर्षांपर्यंत सजा आहे. पण कोर्टं सहसा त्यात पडत नाहीत. नुसतं खोटं असून भागत नाही, जाणूनबुजून असावं लागतं, आणि ते खणून काढणं न्यायाच्या कामाचं आहे असं कोर्टाला वाटावं लागतं. ते शेवटचं. आधी भाऊ सोडवा, मग मैत्रिणीकडं बघा."

"ती मैत्रीण न्हाई माझी."

"सकाळपर्यंत होती ना? बोला, कुठं पकडू तिला?"

मी सांगितलं. किती माग, किती अंतर, किती गोंगाट. वकिलांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे काहीच ऐकू येत नाही?"

"शेजारी बाँब फुटला तरी कळायचं न्हाई."

"मग तुम्ही लोक बोलता कसे?"

इथं मी थांबले. अर्धा श्वासभर. मग म्हटलं, "हातवारे करून."

खोटं नव्हतं. हातवारेही करतोच. मी अर्धंच सांगितलं, इतकंच. आणि मनाला समजावलं की तानासोनं तोंडच उघडलं नव्हतं, मग त्याचे ओठ वाचणार कोण आणि काय?

दुपारी कुरुंदवाडकर उठले ते लोण्यासारखे मऊ होऊन.

"मालनबाई, तुमचं बसायचं ठिकाण आणि तानासोचा माग, अंतर किती?"

"आसंल पंचवीस-तीस फूट."

"त्या वेळी किती माग चालू होते?"

"चोवीसातला त्येचा एक बंद. तेवीस."

"आणि तेवीस मागांच्या आवाजात तीस फुटांवरचं बोलणं तुमच्या कानांनी ऐकलं?"

मालननं ओठ चावला. "साहेब, आमच्यात कसं असतंय, आमी..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

ती काय सांगणार होती ते त्या खोलीत एका मलाच ठाऊक होतं. तिनं परत माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर चिंच बघत बसले.

"हो की नाही, बाई?"

"व्हय," मालन म्हणाली. "ऐकलं."

"बस्स," वकील म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी जागेच्या पाहणीचा अर्ज दिला आणि साहेबांनी तो मंजूर केला. पुढच्या गुरुवारी कोर्ट आमच्या शेडमध्ये आलं. साहेब, दोन्हीकडचे वकील, तानासो, कोर्टाचे एक कारकून, आणि त्यांच्यामागं निम्मी गल्ली. चंद्रू जॉबर दारात उभा होता, हात खिशात घालून. मालकांनी साहेबांसाठी खुर्ची काढली, पण कुरुंदवाडकरांनी त्यांना मालनच्या बुटक्या स्टुलावर बसायला सांगितलं. साहेब उंच होते. गुडघे हनुवटीला लागले. कारकुनाला वर्तमानपत्र देऊन तानासोच्या मागाशी उभं केलं, मोठ्यानं वाचा म्हणून. आणि माग सुरू झाले.

साहेबांनी कानात बोटं घातली, मग पंचाईत लक्षात येऊन काढली. कारकुनाचं तोंड हलत होतं. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. साहेब पुढं वाकले, डोळे बारीक केले, मान हलवली. काही नाही.

मी भिंतीशी उभी होते. कारकून वाचत होता: कोल्हापुरात गुळाची आवक वाढली. मग दोन ओळी झाल्यावर त्यानं डोळे वर केले आणि आपल्या मनचं म्हटलं: ह्या नोकरीला काडी लावली पाहिजे.

मला हसू फुटलं. समोरच्या भिंतीशी मालन उभी होती, तिलाही फुटलं. चौदा वर्षांची सवय. दोघींची नजर भेटली, आणि दोघींचं हसू एकदमच विझलं.

शेडमध्ये त्या दिवशी गल्लीतले धरून चाळीस विणकर होते. कारकून काय म्हणाला ते त्यातल्या पस्तिसांनी वाचलं असणार. साहेबांना सांगायला एकही पुढं आला नाही. तानासो त्यांचा होता, जॉबर मालकाचा.

दीड महिन्यानं निकाल लागला. साक्षीदार क्रमांक तीन, मालन वरुटे, जे ऐकलं म्हणते ते त्या जागी ऐकू येणं अशक्य. तिच्या साक्षीवर अजिबात विश्वास ठेवता येत नाही. संशयाचा फायदा आरोपीला. तानासोनं बाहेर येऊन माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी त्याला उठवलं आणि वकिलांना म्हटलं, "आता चौथा रस्ता."

"जाऊ दे की, अक्का," तानासो लगेच म्हणाला. "सुटलो न्हवं? कशाला त्या बाईच्या मागं लागतीस?"

मला त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं. बघा, हिशेबाला मी किती पक्की!

तो अर्जावर सही करीना. वकील म्हणाले, अर्ज कुणीही दिला तरी चालतो, कोर्टाच्या नजरेला आणून द्यायचं एवढंच. मग मी माझ्या नावानं दिला. नोटीस मालनच्या घरी गेली. तोवर तिला कामावरूनही काढलं होतं. कोर्टानं खोटी ठरवलेली बाई शेडमध्ये नको, म्हणाले मालक. बाजारात पोरं तिला बघून कानाला हात लावत. "मालनमावशे, जयसिंगपूरची गाडी सुटल्याली ऐकू आली काय?" हे मी स्वतः ऐकलं, आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही दोघं बहीणभाऊ तेव्हा दुसऱ्या कारखान्यात लागलो होतो. भर दुपार, सगळे माग चालू. मी कांड्या भरत होते. तानासो आठ मागांपलीकडं, माझ्याकडं अर्धवट वळून, शेजारच्या विणकराशी बोलत होता. रघू नावाचा कुणी, नवीन आलेला. मी सहज वर पाहिलं.

तानासोनं डावा हात वर केला, पंजा उघडून, जसा जॉबर करतो. मान खाली घातली. मग तो सरळ झाला, तानासो झाला, आणि त्याचे ओठ हलले.

ऱ्हाऊ दे की मग हात तितंच.

आणि हवेतलं हँडल ओढलं.

रघूनं डोळे मोठे केले. काहीतरी विचारलं, त्याची पाठ होती मला. तानासो हसला. त्याच्या पुढच्या दातांत फट आहे, लहानपणापासून, ओठ वाचायला त्याच्याइतका सोपा माणूस नाही.

अक्काला अजून ठाव न्हाई, तो म्हणाला. तिला वाटतंय धागा बांधत हुतो.

कांडी भरून ओसंडली. सूत माझ्या बोटांभोवती गुंडाळत गेलं, आणि मी बघत बसले. ज्याला मी दोन वर्षांचा असताना कडेवर घेतलं, तो माझ्यावर तीस फुटांवरून हसत होता. बोटं निळी पडली तेव्हा शेजारणीनं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी कुरुंदवाडकरांकडं गेले.

"वकीलसाहेब, समजा, साक्ष खरीच असंल तर?"

"कुठली?"

"मालनची. समजा, ऐकलं न्हाई, पर दिसलं. ओठावरनं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तर निकालाविरुद्ध सरकार अपील करू शकतं. मुदत अजून आहे. आणि तुम्ही कोर्टात तसं सांगितलंत तर सरकारी वकील काही झोपलेला नाही." मग फाईल बांधत म्हणाले, "पण गोदाबाई, तुम्ही आत्ता काय म्हणालात ते मला ऐकू आलेलं नाही. बाहेर रिक्षांचा फार आवाज आहे."

सुनावणीच्या दिवशी मालन कोर्टाच्या व्हरांड्यात आधीच येऊन बसली होती. एकटी, मांडीवर पिशवी. मुलगी आली नव्हती. मी समोरच्या भिंतीशी उभी राहिले. मधून माणसांची ये-जा, पट्टेवाल्याच्या हाका. कितीतरी वेळ ती माझ्याकडं बघेना. शेवटी बघितलं.

मी आवाज न काढता तोंड हलवलं. तू खरं बोललीस.

तिनं वाचलं. तिचा चेहरा बदलला नाही.

"हवालदारानं सांगितलं," ती म्हणाली, मोठ्यानं, चार माणसं वळून बघतील अशी. "तोंड हलताना दिसलं म्हणलीस तर कोर्ट येड्यात काढंल, ऐकलं म्हण. म्या म्हणलं. तेवढंच खोटं बोलले म्या, गोदाक्का. तेवढंच. बाकीचं तुला बी ठाव हुतं, कसं दिसतंय ते."

मी परत ओठ हलवले. आत्ता कळलं मला. त्याच्याच तोंडून.

"मोठ्यानं म्हण की!" मालन उठून उभी राहिली. "हितं माग चालू न्हाईत. आत साहेबाफुडं म्हण. आवाज गेला काय तुजा?"

तेवढ्यात आमचा पुकारा झाला.

आत साहेबांनी माझा अर्ज वर धरला. गुडघे हनुवटीला लागलेले ते साहेब, आता उंच खुर्चीत. "तुमचं म्हणणं आहे की ह्या बाईंनी जाणूनबुजून खोटी साक्ष दिली?"

मालन माझ्या तोंडाकडं बघत होती. चौदा वर्षं बघायची तसं. मागं तानासो उभा होता. तो मात्र जमिनीकडं बघत होता. दहा वर्षं म्हणजे सुटून येताना तो छत्तीसचा झाला असता. मी तेही मोजलं. उभ्या उभ्या मोजलं.

"अर्ज मागं घेते, साहेब," मी म्हटलं.

"कारण?"

"म्हातारी बाई हाय. चुकली आसंल."

मालन तेव्हा शेहेचाळीसची होती, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कुणीतरी हसलं. साहेबांनी लिहून घेतलं: अर्जदार अर्ज मागे घेते, पुढील कारवाई न्यायाच्या हितासाठी आवश्यक वाटत नाही. मालननं पिशवी उचलली. जाताना ती माझ्या अंगावरून गेली, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तिनं तोंड मिटून घेतलं होतं, घट्ट, एक अक्षरही वाचता येऊ नये असं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. कुणी काय भरलं ते सांगते.

चंद्रू जॉबरनं तीन बोटं भरली. पुढं तो शेडच्या दारात राखणदार म्हणून बसायचा, डाव्या हातानं नमस्कार करायचा. मालननं काम भरलं, गाव भरलं, नाव भरलं. ती विट्याला मुलीकडं गेली आणि तिकडंच वारली. कळवलं कुणी नाही, बाजारात कळलं. तानासोनं काहीही भरलं नाही. त्याचे आता स्वतःचे आठ माग आहेत, दोन मुलगे आहेत, आणि दर भाऊबीजेला तो न चुकता माझ्याकडं जेवायला येतो.

मी त्याला ओवाळते. मग ताट वाढते, आणि तो जेवत बोलत असतो तोवर शेगडीकडं तोंड करून, त्याचे ओठ दिसू नयेत म्हणून त्याच्याकडं पाठ फिरवून बसते. तो म्हणतो, अक्काला हल्ली ऐकायला कमी येतंय.